धर्म कशास म्हणावयाचें? विक्का-पंथाच्या निमित्तानें एक विचार

इ. स. २००५ सालीं अफगाणिस्तानांत एक अमेरिकन सैनिक कामास आला. त्याच्या स्मृतिफलकावर वर्तुळांतील पांच टोकांचा तारा कोरला जावा, अशी त्याच्या पत्नीची इच्छा होती; कारण त्याच्या श्रद्धेचें तें चिन्ह होतें. सरकारी यादींत अडतीस मान्य चिन्हें होतीं. ख्रिस्त्यांचे नाना प्रकारचे क्रूस होते, यहुद्यांचा तारा होता, मुसलमानांची चंद्रकोर होती, बौद्धांचें धर्मचक्र होतें. इतकेंच नव्हे, तर ईश्वर मुळींच न मानणारांचेंहि एक चिन्ह होतें. पांच टोकांच्या या ताऱ्यास मात्र तेथें जागा नव्हती. प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि २००७ च्या एप्रिल महिन्यांत सरकारनें तडजोड करून तें एकोणचाळिसावें चिन्ह मान्य केलें. त्या सैनिकाच्या धर्माचें नांव 'विक्का'.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हें नांव अपरिचित असेल. ज्यांच्या कानावरून तें गेलें असेल, त्यांनीं तें बहुधा 'चेटकिणींचा पंथ' या वर्णनासहच ऐकलें असेल, आणि चेटकिणींना कसला आला आहे धर्म, असें म्हणून तें सोडूनहि दिलें असेल. परंतु हा प्रश्न इतका सोपा नाहीं. एखाद्या श्रद्धेस धर्म म्हणावें कीं म्हणूं नये, हें कोणीं ठरवावयाचें आणि कोणत्या कसोटीनें? ग्रंथ पाहिजे काय? संस्थापक पाहिजे काय? प्राचीनता पाहिजे काय? या प्रश्नांच्या उत्तरासाठीं इंग्लंड-अमेरिकेस जाण्याचें कारण नाहीं. कल्याणच्या पुढें आगगाडीनें निघालें, तर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन स्टेशनांच्या परिसरांतच यांतील प्रत्येक कसोटी लावून पाहतां येते. मात्र आधीं विक्का म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे.

विक्काचें स्वरूप

या पंथाचा प्रवर्तक जेराल्ड गार्डनर हा इंग्रज गृहस्थ १८८४ सालीं जन्मला. त्याचें तारुण्य सिलोनांतील चहाच्या मळ्यांत व पुढें मलायांतील जकातखात्यांत गेलें. १९३६ सालीं निवृत्त होऊन तो स्वदेशीं परतला. १९३९ सालीं एका गुप्त मंडळीनें आपणांस दीक्षा दिली आणि ती मंडळी ख्रिस्तपूर्व काळापासून चालत आलेल्या धर्माची वारस होती, असें त्यानें पुढें प्रतिपादन केलें. चेटूकविद्येसंबंधीं १७३५ चा एक कायदा इंग्लंडांत तोंवर जारी होता. तत्पूर्वींच्या कायद्यांनीं चेटकिणींना मारलें; १७३५ च्या कायद्यानें चेटूक खरें मानण्याचें सोडून दिलें आणि तशा शक्तीची बतावणी करणें हाच गुन्हा ठरविला. १९५१ सालीं तो कायदा रद्द झाला, आणि १९५४ सालीं गार्डनरनें या विषयावरील आपलें प्रसिद्ध पुस्तक छापलें. डोरीन व्हॅलिएंटे (१९२२-१९९९) या विदुषीनें पंथाच्या उपासनाविधींस नवें, काव्यमय रूप दिलें. आज जो विक्का जगभर दिसतो, त्याची घडण मुख्यत्वें या दोघांची आहे.

विक्काचे अनुयायी निसर्गास पवित्र मानतात. त्यांचीं मुख्य दैवतें दोन: एक देवी व एक देव. देवीचीं कुमारी, माता आणि वृद्धा अशीं तीन रूपें कल्पिलेलीं आहेत, व चंद्राच्या वाढत्या, पूर्ण आणि क्षीण कलांशीं त्यांचा संबंध जोडलेला आहे. देव शिंगें धारण करणारा, अरण्याचा व पशूंचा स्वामी. वर्षचक्रांत तो मरतो आणि पुन्हा जन्मास येतो. ख्रिस्ती लोक ज्यास सैतान म्हणतात, त्याची कल्पनाच या पंथांत नाहीं. म्हणून 'सैतानाचे उपासक' हें त्यांजवरील दूषण अज्ञानमूलक आहे. पूजेपूर्वीं जमिनीवर वर्तुळ आंखून चार दिशांस व पृथ्वी, वायु, अग्नि आणि जल या तत्त्वांस आवाहन करितात. ज्यांच्या घरीं पूजेच्या आरंभीं आसनशुद्धि, भूतशुद्धि आणि दिग्बंध होतात, त्यांस हा प्रकार सर्वस्वीं परका वाटूं नये.

या पंथांत दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत. विधींचें पुस्तक शिष्यानें गुरूच्या पुस्तकावरून स्वहस्तें उतरून घ्यावयाचें असा जुना प्रघात आहे. आणि पुरोहितपणाचा मान स्त्रीस असतो, किंबहुना कित्येक मंडळ्यांत तो प्रथम स्त्रीचाच असतो. पौर्णिमेस उपासना होते, आणि वर्षांत आठ उत्सव असतात. डिसेंबरांत सर्वांत लहान दिवशीं सूर्याच्या परतण्याचा उत्सव. आक्टोबर संपतां संपतां मृतांच्या स्मरणाची रात्र. आगस्टच्या आरंभीं पहिल्या पिकाचा सण. आपल्या घरची संक्रांत, सर्वपित्री अमावास्या व नवान्नपौर्णिमा हीं डोळ्यांसमोर आणलीं, म्हणजे या उत्सवांमागील भाव ध्यानांत येतो. त्यांच्या नीतीचें सार एवढेंच कीं, कोणास इजा न करितां आपल्या मनास येईल तें करावें. आणि केलेलें कर्म, बरें असो वा वाईट, तिपटीनें परत येतें अशी त्यांच्यापैकीं बहुतेकांची समजूत आहे. पुनर्जन्म मानणारेहि त्यांत पुष्कळ आहेत. धर्मप्रसारक नाहींत, मुख्य पीठ नाहीं, आणि कित्येक जण कोणत्याहि मंडळींत न जातां एकट्यानेंच उपासना करितात. इंग्लंड व वेल्स येथील २०२१ च्या जनगणनेंत सुमारें तेरा हजार लोकांनीं आपला धर्म विक्का म्हणून लिहविला. आपल्या देशांत कलकत्त्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनीं हें नांव उघडपणें धारण केलें व स्वतःची जीवनकथाहि लिहिली.

प्राचीनतेची कसोटी

विक्काच्या अनुयायांनीं प्रथम जो दावा केला, तो प्राचीनतेचा. त्यास आधार दिला मार्गारेट मरे या पंडितेनें. ही बाई १८६३ सालीं कलकत्त्यास जन्मली व ईजिप्तच्या पुराणवस्तुशास्त्रांत तिनें नांव मिळविलें. युरोपांत ज्यांस चेटकिणी म्हणून जाळलें वा फांसावर दिलें, त्या वस्तुतः एका प्राचीन निसर्गधर्माच्या उपासक होत्या, असें तिनें १९२१ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें. पुढील संशोधकांनीं हें मत साफ खोडून काढलें. रोनाल्ड हटन या इतिहासकाराचा १९९९ सालचा ग्रंथ या बाबतींत प्रमाण मानला जातो. युरोपांत सुमारें तीन शतकांत चाळीस ते पन्नास हजार माणसें चेटकाच्या आरोपाखालीं मारलीं गेलीं, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. परंतु त्या कोणा गुप्त धर्माच्या नव्हत्या. त्या शेजाऱ्यांच्या भयाला आणि द्वेषाला बळी पडलेल्या सामान्य बायका होत्या. सारांश, विक्का हा विसाव्या शतकांत जन्मलेला पंथ आहे.

मग तो नवा आहे म्हणून धर्म नव्हे काय? या ठिकाणीं आपण उल्हासनगरास उतरूं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तिच्या बराकींत आश्रय मिळाला, आणि ८ आगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. या लोकांचें दैवत झूलेलाल, ऊर्फ उडेरोलाल. ठठ्ठ्याच्या मिर्खशाहानें हिंदूंस धर्म सोडण्याची आज्ञा केली, तेव्हां त्यांनीं सिंधुनदीच्या तीरीं चाळीस दिवस आराधना केली, व जलदेवता नसरपूर येथें मनुष्यरूपानें अवतरली, अशी कथा आहे. त्या चाळीस दिवसांच्या स्मरणार्थ आजहि उल्हासनगरांत 'चालिहो' व्रत निष्ठेनें पाळलें जातें.

परंतु लक्षांत घेण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. सिंधमध्यें झूलेलाल हें अनेक दैवतांपैकीं एक होतें. देशोधडीस लागलेल्या सर्व सिंधी समाजाचें तें एकमेव कुलचिन्ह बनलें फाळणीनंतर. आणि त्या कामीं मुंबईचे प्राध्यापक राम पंजवाणी (१९११-१९८७) यांनीं गीतें गाऊन व उत्सव संघटित करून मोठेंच श्रेय मिळविलें. नदी परदेशांत राहिली. येथें 'बहराण्या'चा दिवा मिळेल त्या पाण्यांत सोडावयाचा. ज्यांचें घर, शेत व स्मशानहि सुटलें, त्यांनीं एक जुनी कथा हातीं धरून आपला धर्म जवळजवळ नव्यानें बांधला. तो नवा बांधला म्हणून त्यांतील अश्रु खोटे होते, असें कोण म्हणेल? १४ आक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह बौद्धधम्माची दीक्षा घेतली व बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञा नव्या होत्या. म्हणून त्यांचें बंधन कमी झालें नाहीं. फार कशाला, संतोषीमातेचें शुक्रवारचें व्रत आपल्याच कित्येक घरांत १९७५ च्या एका चित्रपटानंतर शिरलें. प्राचीनता हा श्रद्धेचा अलंकार असूं शकेल; तें तिचें प्रमाणपत्र नव्हे.

एका नांवाची कसोटी

दुसरी अपेक्षा अशी कीं, धर्म म्हटला म्हणजे त्याची हद्द स्पष्ट असावी. एक मनुष्य एकाच धर्माचा असावा. विक्काच्या मंडळींत ही हद्द सैल आहे, म्हणून त्यास धर्म म्हणूं नये, असा एक आक्षेप घेतात. परंतु उल्हासनगरच्या सिंधी 'टिकाण्यां'त गुरुग्रंथसाहेबाचें पठण, झूलेलालची मूर्ति आणि शिव-देवींच्या तसबिरी एकाच छपराखालीं नांदत आल्या आहेत. नानकपंथी सिंधी स्वतःस हिंदूहि म्हणवितो, गुरु नानकांचा शिष्यहि म्हणवितो, आणि त्यांत त्यास कांहीं विसंगत वाटत नाहीं. अडचण येते ती खानेसुमारीच्या कागदावर, कारण तेथें एकच शब्द लिहावयाचा असतो.

पुढचें स्टेशन अंबरनाथ. वालधुनी नदीच्या कांठचें तेथील शिवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चें, शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळचा शिलालेख तेथें सांपडला आहे. गर्भगृहांत पायऱ्या उतरून जावें लागतें, आणि महाशिवरात्रीस आजहि तेथें यात्रा भरते. या देवळासंबंधीं धर्म कोणता, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. परंतु त्याच तालुक्यांतील मलंगगडाकडे दृष्टि वळवावी. तेथील स्थान मुसलमानांस हाजी मलंगबाबाचा दर्गा म्हणून पूज्य आहे. अनेक हिंदू तेथें नाथपंथी मच्छिंद्रनाथांची समाधि मानतात. आणि त्या स्थानाच्या व्यवस्थेंत केतकर या ब्राह्मण घराण्याचा वंशपरंपरागत संबंध आहे. गेल्या कांहीं दशकांत तेथें वाद माजला आहे. त्या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस इतकेंच दाखवावयाचें आहे कीं, पिढ्यानुपिढ्या नवस बोलणाऱ्या आगरी-कोळी स्त्रीनें गडावर पाऊल टाकतांना हद्दीचा विचार केला नव्हता. हद्दीचा विचार मागाहून आला. एका नांवाची कसोटी लावली, तर आपल्या देशांतील निम्मी भक्ति धर्माबाहेर जाईल.

ग्रंथ व संस्थापक यांची कसोटी

आतां बदलापूर. या गांवाचें एक भाग्य असें कीं, महाराष्ट्रांतील फारच थोड्या गांवांस लाभला असा चरित्रकार त्यास लाभला. निवृत्त न्यायाधीश ना. गो. चापेकर (१८६९-१९६८), जे १९३४ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यांनीं १९३३ सालीं बदलापूरवर एक संपूर्ण ग्रंथ लिहून गांवच्या जाती, व्यवहार व चालीरीति यांची नोंद केली. गांवाच्या सभोंवार डोंगराच्या कुशींत ठाकूरवाड्या व कातकरवाड्या आहेत. ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रींतील ठाकुरांवरील इंग्रजी ग्रंथ १९६० सालीं प्रसिद्ध झाला, तर उत्तरेकडील वारल्यांवर के. जे. सावे यांचा ग्रंथ १९४५ सालीं निघाला. या लोकांचा धर्म कोणता?

त्यांस ग्रंथ नाहीं, संस्थापक नाहीं, मठ नाहीं. वाघोबाची लांकडी अगर दगडी प्रतिमा शिवेवर असते. गांवदेवीचा मान असतो. वारल्यांच्या घरांतील हिरवा हा देव मोरपिसांच्या जुडग्यांत वसतो, आणि कणसरी ही धान्याची देवी. वारल्यांच्या लग्नांत भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहून त्यांत पालघट देवीची स्थापना होते. आणि लग्न लावणारी असते 'धवलेरी', म्हणजे मंत्रगीतें गाणारी स्त्री. विक्कानें विसाव्या शतकांत स्त्रीस पुरोहितपद दिलें म्हणून त्याची वाखाणणी होते; आपल्या उत्तर कोंकणांत तें पद वारली स्त्रीस परंपरेनें होतेंच, आणि त्याची वार्ताहि आपणांस नव्हती!

इंग्रज सरकारच्या खानेसुमारींत या लोकांचें काय करावें, हा मोठाच पेंच होता. टायलर या पंडितानें १८७१ सालीं रूढ केलेला 'ॲनिमिझम्', म्हणजे सर्ववस्तुजीववाद, हा शब्द उचलून १९०१ पासून १९२१ पर्यंतच्या खानेसुमारींत त्यांची नोंद त्या नांवाखालीं झाली. १९३१ सालीं 'टोळ्यांचे धर्म' असें नांव आलें. हे लोक हिंदू आहेत कीं निराळे, हें सांगणें कठीण असल्याची कबुली खुद्द अधिकाऱ्यांनींच दिलेली आहे. मालवणांत जन्मलेले समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनीं १९४३ सालच्या ग्रंथांत हे लोक म्हणजे मागासलेले हिंदूच होत असें प्रतिपादिलें. उलट व्हेरिअर एल्विन यांनीं त्यांच्या स्वतंत्र जीवनाची कड घेतली. स्वराज्यांतील १९५१ च्या जनगणनेपासून तें स्वतंत्र सदर नाहींसें झालें. सहा धर्मांस ठराविक अंक मिळाले, बाकीचे सर्व 'इतर धर्म व पंथ' या एका गाठोड्यांत. २०११ सालीं या गाठोड्यांत सुमारें एकोणऐंशी लाख माणसें होतीं. त्यांपैकीं सुमारें ४९ लाख ५७ हजारांनीं आपला धर्म 'सरना' असा लिहविला. झारखंडच्या विधानसभेनें १९२० नव्हे, तर अगदीं अलीकडे, ११ नोव्हेंबर २०२० रोजीं, सरना-धर्मास स्वतंत्र सदर मिळावें असा ठराव केला, यावरून हा प्रश्न किती जिवंत आहे हें दिसून येईल.

आणि हा केवळ शब्दांचा वाद नाहीं. १९५५ च्या हिंदुविवाह-कायद्यानें, केंद्र सरकार निराळी अधिसूचना काढीत नाहीं तोंवर, अनुसूचित जमातींस आपल्या कक्षेबाहेर ठेविलें आहे. त्यांचे विवाह त्यांच्या रूढीनें चालतात. म्हणजे कायदा एका बाजूनें सांगतो कीं, धवलेरीनें लाविलेलें लग्न हें लग्नच होय; आणि दुसऱ्या बाजूनें तिच्या श्रद्धेस जनगणनेंत स्वतःचें सदर नाहीं.

न्यायालयांनीं काय म्हटलें

न्यायमूर्तींनाहि या प्रश्नाशीं झगडावें लागलें आहे. १८९० सालीं अमेरिकन सर्वोच्च न्यायालयानें धर्म म्हणजे मनुष्याचा आपल्या स्रष्ट्याशीं असलेला संबंध, अशा अर्थाची व्याख्या केली होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं शिरूर मठाच्या खटल्यांत ती अपुरी ठरविली. बौद्ध व जैन ईश्वरकर्तृत्व मानीत नाहींत, तरी त्यांचे धर्म धर्मच आहेत; आणि धर्म म्हणजे केवळ मत नव्हे, तर विधि, आचार, आहार व वेष यांचाहि त्यांत समावेश होऊं शकतो, असें न्या. मुखर्जी यांनीं सांगितलें. १९६६ सालीं सत्संगी पंथाच्या खटल्यांत मुख्य न्यायाधीश गजेंद्रगडकर यांनीं हिंदुधर्माचें लक्षण सांगतांना लोकमान्य टिळकांच्या व्याख्येचा आधार घेतला. वेदांविषयीं आदर, साधनांची अनेकता आणि उपास्याविषयीं नियमाचा अभाव, हें त्या व्याख्येचें तात्पर्य. जेथें उपास्य ठरलेलें नाहीं व साधनहि एक नाहीं, अशा धर्मांत वाढलेल्या माणसानें दुसऱ्याकडे एक ग्रंथ आणि एक देव मागावा, हें कितपत शोभतें? उलट अरविंदांच्या शिकवणुकीस मात्र १९८२ सालीं न्यायालयाच्या बहुमतानें धर्म न म्हणतां तत्त्वज्ञान म्हटलें. म्हणजे प्रत्येक उदात्त विचार धर्म होतो असेंहि नाहीं.

विक्काविषयींचा महत्त्वाचा निकाल १९८६ चा. व्हर्जिनियांतील एका कैद्यानें पूजासाहित्य मागितलें. वरिष्ठ न्यायालयानें विक्का-मंडळाची श्रद्धा हा धर्मच होय असें स्पष्ट मान्य केलें. मात्र तुरुंगाच्या सुरक्षिततेसाठीं तें साहित्य नाकारण्याचा अधिकार अधिकाऱ्यांस आहे, असेंहि म्हटलें. धर्म म्हणून मान्यता देणें निराळें आणि प्रत्येक मागणी पुरविणें निराळें, हा विवेक त्या निकालांत आहे.

आमचें मत

वरील विवेचनावरून आमचें मत असें बनलें आहे कीं, ग्रंथ, संस्थापक, प्राचीनता आणि बंदिस्त हद्द यांपैकीं एकहि धर्माचें आवश्यक लक्षण नव्हे. चार गोष्टी मात्र असाव्या. श्रद्धेनें मनुष्यास बांधून घेतलें पाहिजे, म्हणजे गैरसोय झाली तरी पाळावयाचा कांहीं नियम असला पाहिजे. ती एकट्याची लहर नसून अनेकांस समान असा विधि असला पाहिजे. जन्म, विवाह, मृत्यु आणि ऋतुचक्र यांस तिनें अर्थ दिला पाहिजे. आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे देण्याची कांहीं रीत असली पाहिजे. या कसोटीनें पाहतां विक्का हा धर्म आहे. तो लहान आहे, तरुण आहे, आपल्या वंशावळीविषयीं त्यानें प्रथम अतिशयोक्ति केली. तरी तो धर्म आहे. त्याच्या नांवाखालीं केवळ ताईत व स्फटिक विकत घेऊन मिरविणारेहि पुष्कळ आहेत. पण गंध लावून मिरविणारे कोणत्या धर्मांत नाहींत? आणि याच कसोटीनें बदलापूरच्या डोंगरांतील ठाकूर-कातकऱ्यांची श्रद्धाहि धर्मच आहे. मग ती हिंदुधर्माच्या विशाल वृक्षाची फांदी म्हणा कीं शेजारचें झाड म्हणा. तें सांगण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे.

येथें एक गोष्ट न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. इंग्लंडांतील सुशिक्षित स्त्री 'मी चेटकीण' असें आज अभिमानानें म्हणूं शकते, कारण १७३५ पासून तेथें त्या नांवानें फांसावर चढविणें बंद झालें. आपल्याकडे तें नांव कोणी आपण होऊन घेत नाहीं. तें लादलें जातें. ठाणें-पालघरकडे 'भुताळी' आणि नंदुरबारकडे 'डाकीण' हे शब्द उच्चारले गेले, कीं एखाद्या विधवेचें घर, जमीन आणि कित्येकदां प्राणहि जातो. मूल दगावलें, गुरूं मेलें, पीक बुडालें, कीं भगतानें बोट दाखवावें आणि गांवानें धांवून जावें. भगताची देवावरील निष्ठा धर्मांत मोडेल. त्याचें तें बोट मोडत नाहीं. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमानें धर्मस्वातंत्र्य दिलें आहे तें सार्वजनिक सुव्यवस्था, नीति आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवूनच. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० आगस्ट २०१३ रोजीं खून झाला. त्यानंतर त्याच वर्षीं महाराष्ट्रानें जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यानेंहि हीच रेषा आंखली. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांस त्यानें हात लाविला नाहीं; परंतु एखाद्या व्यक्तीवर करणीचा आळ घेऊन तिचें जिणें असह्य करणें हा मात्र गुन्हा ठरविला. धर्म कशास म्हणावें याविषयीं उदार असावें. अधर्म कशास म्हणावें याविषयीं तितकेंच कठोर असावें. या दोहोंत विरोध नाहीं.

सुशिक्षित घरांस या बाबतींत करण्याजोगें काम लहान पण निश्चित आहे. रागावलेल्या सुनेस, एकाकी म्हातारीस किंवा वाडीवरून भाजी घेऊन येणाऱ्या बाईस थट्टेनेंहि 'चेटकीण' म्हणण्याची संवय मुलांस लागूं देऊं नये. ज्या शब्दानें माणूस मरतो, तो थट्टेचा शब्द नव्हे. दुसरें असें कीं, २०२५ सालीं सरकारनें जाहीर केल्याप्रमाणें पुढील जनगणना १ मार्च २०२७ ही तिथि आधारभूत धरून व्हावयाची आहे. गणकानें धर्माविषयीं वाद घालूं नये. समोरचा मनुष्य जें नांव सांगेल तेंच प्रामाणिकपणें लिहावें, असा या कामाचा नियम आहे. गणक म्हणून बहुधा शाळामास्तर वा शिक्षिकाच जातात, आणि त्यांत आपल्या घरचीं मुलें-सुनाहि असतात. डोंगरांतील एखाद्या वाडीवरची आजीबाई वाघोबाचें किंवा गांवदेवीचें नांव सांगूं लागली, तर तिच्या उत्तराच्या जागीं आपलें उत्तर लिहूं नये. तिनें सांगितलेला शब्द तसाच उतरून घ्यावा. तेवढ्यानें आपला धर्म उणा होत नाहीं.